खळ्यावरची नक्षी

कडब्याने भरलेली ट्रॉली गेली की रस्त्यावर पाती सांडत जातात आणि मागे बराच वेळ वास रेंगाळतो. आज सकाळपासून बारामतीतल्या माझ्या खिडकीखालून अशा तीन ट्रॉल्या गेल्या. दुसऱ्या मजल्यावर चहाचा कप घेऊन उभी होते, आणि वाळलेल्या शाळूचा, रब्बीच्या ज्वारीचा, तो जरा गोडसर, जरा धुळकट वास वर आला. माझ्याकडे आता ना जनावर ना गोठा. कॉलेजात मुलांना संगणक शिकवते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि ज्वारी दुकानातून आणते. तरी फाल्गुन लागला की नाक आपलं जुन्या सवयीने शेतावर जातं. त्याला कुणी समजवावं?

मागे टेबलावर लॅपटॉप चालू होता आणि पडद्यावर दोन वजनं झुलत होती. कॉलेज सुटल्यावरचा माझा उद्योग तो हाच. एका खुंटीला दांडी, दांडीच्या टोकाला वजन, त्या वजनाला आणखी एक दांडी आणि तिच्या टोकाला दुसरं वजन. लंबकाला टांगलेला लंबक. शाळेत शिकवतात तो एकटा लंबक सरळ स्वभावाचा असतो. इकडे जातो, तिकडे येतो, दमला की थांबतो. पण त्याला दुसरा टांगला की खालचा वरच्याला ओढतो, वरचा खालच्याला फेकतो, आणि दोघं मिळून काय करतील ते सांगता येत नाही. खालच्या वजनाला मी एक काल्पनिक पेन्सिल बांधून ठेवते. ते जिथे जिथे जाईल तिथे रेघ उमटत राहते आणि दहा मिनिटांत पडद्यावर एक नक्षी उभी राहते. कुणाला ती भिंतीवर लावायला हवी असते, कुणाला ओढणीवर छापायला. 'हातानं काढलं का हो?' असं विचारतात, आणि मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

गंमत अशी की या सगळ्यात नशिबाचा भाग काहीच नाही. वजन कुठून सोडलं ते नेमकं ठाऊक असेल तर पुढचं प्रत्येक वळण गणिताने ठरलेलं आहे. फक्त 'नेमकं' या शब्दाला इथे फार किंमत पडते. मी कधीकधी एक लाल आणि एक निळा असे दोन जोडलंबक एकाच जागेवरून सोडते. एकाच जागेवरून म्हणजे जवळजवळ. दोघांत केसाच्या हजाराव्या भागाइतकाच फरक ठेवते. सुरुवातीला निळा दिसतच नाही, लालच्या मागे अगदी झाकलेला असतो. मग कुठल्यातरी एका वळणावर त्याची बारीक कड दिसते. त्यानंतर दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. शास्त्रात याला केऑस म्हणतात. मी हे कितीतरी संध्याकाळी बघत बसले आहे. घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे कितीही वेळ बसलं तरी जेवायला कुणी हाक मारत नाही.

या वासाबरोबर आठवते ती सुगी तीन वर्षांपूर्वीची.

पुण्यातला संसार मोडून मी कळसला, माहेरी आले होते. दोन बॅगा आणि हा लॅपटॉप. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आबा एकटेच असायचे, माझे वडील. मी अंगणात बॅगा ठेवल्या तेव्हा ते कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. त्यांनी मान वर केली, बॅगा बघितल्या, एक नाही दोन आहेत हे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"व्हय," मी म्हणाले.

जेवले नव्हते. पण तेवढ्यावर ते पुन्हा दांड्याकडे वळले आणि आमचं बोलणं संपलं. पुढे दोन महिने ते तसंच चाललं. का आलीस, काय झालं, किती दिवस आहेस, काही नाही. गावातल्या बायका उलट पाण्याच्या टाकीपाशी गाठून सरळ विचारायच्या, "कवा आलीस? कवा जायचंय?" त्यांचा मला राग येत नसे. आबांच्या न विचारण्याचा यायचा. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'राहा'. समजूत नको होती, नवऱ्याला शिव्या घालायला नको होत्या. नुसतं राहा म्हणाले असते तरी मी बॅगा उघडून कपडे कपाटात लावले असते. तोवर ते बॅगांतच होते.

आमच्या घराण्यात मेंढरं होती. आबांच्या तरुणपणीच कळप गेला आणि शेती आली, पण अंगातली सवय राहिली. ते चालायचे तसे, कुणीतरी मागून येतंय अशा बेताने, आणि बोलायचेही तसेच, माणसाकडे न बघता. चहूकडे ऊस झाला तरी त्यांनी एका तुकड्यात शाळू लावायचा सोडला नाही. दाणा भरत आला की पाखरं येतात, म्हणून उभ्या शाळूत चार खांबांवर माळा बांधायचे आणि गोफण घेऊन दिवसभर वर बसायचे. मी लॅपटॉप घेऊन तिथेच जाऊन बसू लागले. घरात एकटीने बसण्यापेक्षा माळ्यावर दोघांनी गप्प बसणं बरं होतं.

गोफण फिरताना मी कितीदा बघितली आहे. डोक्यावरून दोन फेरे, तिसऱ्याला एक दोरी हातातून सुटते आणि दगड जिथे जायचा तिथे जातो. मी एकदा म्हटलं, "आबा, दोरी कवा सोडायची ते कसं कळतं?"

"हाताला कळतं."

"आन् चुकलं तर?"

"पाखरू खुश हुतं," आबा म्हणाले, आणि मिशीत हसल्यासारखं काहीतरी झालं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा माझ्या पडद्याकडे नीट बघितलं. नक्षी आपली आपण भरत होती आणि मी हात बांधून बसले होते.

"हे कोण काढतंय?"

"आपोआप निघतंय. दोन वजनं हायत, ती झुलत्यात."

"मग तू काय करतीस?"

"मी सुरुवात करून देते."

"आन् मग?"

"मग बघत बसते."

आबांनी जरा विचार केला. "आमी मेंढरामागं हेच करायचो," ते म्हणाले. "त्याला लोक रिकामटेकडं म्हणायचे."

टोमणा होता की कौतुक, ते मला तेव्हा समजलं नाही. पण रागाने म्हणा, हौसेने म्हणा, मी ठरवलं की हे यांना पडद्याबाहेर काढून दाखवायचं. घरामागे खळ्याच्या कडेला एक कडुलिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला मी दोर बांधला, दोराला सुतळीच्या जाळीत घालून मोठा दगड टांगला आणि त्या दगडाखाली दुसऱ्या दोराने तुपाचा जुना पत्र्याचा डबा. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोक. डब्यात आधी रांगोळी घातली, ती दोन दिवसांत संपली. मग चुलीतली राख वस्त्रगाळ करून तिच्यात कोरडी बारीक वाळू मिसळली, तेव्हा कुठे धार नीट पडायला लागली. डबा हळूच, थोडा ओढून सोडला की खाली साधे लांबट गोल उमटायचे, एकात एक, शेवटी मध्यभागी राखेचा छोटा ढीग. सगळा खेळ थोडक्यात आटपायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जोडलंबकसुद्धा थोड्याच कोनातून सोडला तर शहाण्यासारखा वागतो. त्याचं पुढचं सगळं सांगता येतं, नक्षीही नीटनेटकी येते, फक्त बघण्यासारखी नसते. खरी नक्षी हवी असेल तर तो पार वर ओढून सोडावा लागतो, आणि मग काय होईल त्याला तयार राहावं लागतं. आबा आणि मी दोघंही थोडक्यात भागवणारी माणसं. जेवलीस का, व्हय. पाणी सोडलं का, व्हय. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून आम्ही एवढी काळजी घेतली की एकमेकांपर्यंत पोचलोच नाही. हे मला आता लिहिताना सुचतंय, त्या वेळी मी फक्त चिडलेली असायचे.

सुगी आली. शाळू काढून झाला, कणसं खुडून झाली. आता मळणी यंत्राने होते, ट्रॅक्टरमागे लावून एका दिवसात. पण बियाण्याची कणसं आबा यंत्रात घालू देत नसत, दाणा फुटतो म्हणून. तेवढ्यासाठी ते दरवर्षी शेणाने सारवून छोटं खळं करायचे आणि तिथे हाताने बडवायचे. त्या दिवशी त्यांनी खळं सारवलं आणि ते वाळेपर्यंत गावात गेले. दुपार कलत आली होती. जमीन काळीभोर, गुळगुळीत, वर माझा डबा. माझ्याच्याने राहवलं नाही. मी डबा राखेने भरला, स्टुलावर चढले आणि दोन्ही वजनं हात पुरेल तितकी वर ओढून सोडून दिली.

डबा आधी तिरका गेला, मग दगडाने त्याला मागे खेचलं, तो गर्रकन फिरला, फांदीजवळ जाऊन क्षणभर थांबला आणि भलत्याच बाजूला पडला. राखेची धार कधी जाड, कधी नुसती भुरभुर. मोठे फेरे, त्यांच्यात लहान फेरे, एका बाजूला अर्धवट सुटलेली पाकळी, आणि सगळ्याला मिळून एक तोल, जो मी जन्मात हाताने आणू शकले नसते. डबा रिकामा झाला तेव्हा मी स्टुलावरच बसून राहिले. मला ते कुणालातरी दाखवायचं होतं. फोनवर एक फोटो काढला, घाईत, अर्ध्यात लिंबाची सावली. आबा येईपर्यंत अंधारून आलं, आणि ते विषय काढतील म्हणून मी काढला नाही.

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. इंदापूरचे रफीकभाई मळणी यंत्र घेऊन आले होते. वर्षानुवर्षं आमची मळणी तेच करायचे आणि यंत्र कायम खळ्याच्या कडेला उभं राहायचं, तिथे जमीन सपाट म्हणून आणि धान्य सारवलेल्या खळ्यात पडावं म्हणून. मी मोरीत तोंड धूत होते. भिंतीपलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"आबा, हे कसलं वो खळ्यात? राख हाय व्हय?"

"व्हय. वलांडू नगंस."

"मग यंत्र कुठं लावू?"

"तिकडं रानात लाव."

"आवो, तितं ढेकळं हायती. चाक बसंना."

"ढेकळं फोडून देतो," आबा म्हणाले. "पोरीचं काम चाललंय हितं."

आमच्याकडे धान्याची रास झाली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात. रास मोजून होईपर्यंत ती रेघ कुणी ओलांडायची नाही, आणि पुसायची तर मुळीच नाही. आबांनी राख बघितली आणि त्यांच्या लेखी तो विषय संपला. ही रास कसली आणि रेघ अशी वेडीवाकडी का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा गैरसमज झाला होता, हे उघड आहे. नुसता खेळ म्हणून सांडलेल्या राखेला ते रासेचा मान देत होते. एका म्हाताऱ्या माणसाने त्या सकाळी कुदळ घेऊन रानातली ढेकळं फोडली, यंत्राला जागा केली, कणसांच्या पाट्या लांबचा वळसा घालून वाहिल्या. बियाण्याची कणसं ओसरीवर ताडपत्री टाकून बडवली. आणि मी काय केलं? मी मोरीतून बाहेर आले, चहा टाकला आणि दोघांना नेऊन दिला. 'पोरीचं काम' हे शब्द छातीत घेऊन फिरत होते, पण आबांना ते ऐकू आल्याचं सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्यासमोर म्हणतील तेव्हा खरं. रफीकभाईंपाशी म्हणालेलं मी हिशोबात धरलं नाही.

नक्षी आठ दिवस टिकली. कोंबड्यांनी एक कड विस्कटली तर आबांनी बोराटीच्या फांद्या आणून भोवती लावल्या. नवव्या दिवशी वावटळ आली आणि खळं स्वच्छ करून गेली. त्याच आठवड्यात बारामतीच्या कॉलेजचं नोकरीचं पत्र आलं.

एसटीच्या थांब्यापर्यंत आबा बॅगा घेऊन आले. मी मनाशी ठरवलं होतं की आता जरी 'राहा' म्हणाले तरी पत्र फाडून टाकायचं. गाडी दिसली. "पोचल्यावर फोन कर," आबा म्हणाले. मी म्हणाले, "व्हय." खिडकीतून बघितलं तर ते उभे होते, हात वर केलेला नव्हता. राहू का, असं मीही विचारू शकले असते. दोनच शब्द होते. ते गाडी भिगवण रोडला लागल्यावर सुचले.

बारामतीत आल्यावर मी ती नक्षी पुन्हा काढायच्या नादाला लागले. तो तिरका फोटो समोर ठेवला. दगडाचं वजन अंदाजे, दोराची लांबी अंदाजे, माझा हात किती वर पोचला ते स्टुलावर चढून मोजलं. शेकडो वेळा सोडून बघितलं. सुरुवातीचे दोन-तीन फेरे हुबेहूब यायचे आणि पुढे वाट चुकायची. येणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मुलांना हेच तर शिकवते. तरी सोडत राहिले. दर रविवारी आबांना फोन व्हायचा. बरं हाय, बरं आहे. नक्षीबद्दल मी बोलले नाही, एवढी मोठी मुलगी राखेचा खेळ आठवत बसली आहे हे काय सांगायचं. त्याच श्रावणात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून जमिनीवर माझं नाव लावायचं राहिलं होतं. टाळत होते, खरं तर. गेल्या मंगळवारी एकदाची इंदापूरला गेले, तहसील कचेरीतलं काम उरकलं आणि समोरच्या टपरीवर चहाला थांबले. शेजारच्या बाकावरून कुणीतरी "ताई" म्हणालं. रफीकभाई. दाढी पार पांढरी झाली होती. मयतीला आले होते, पण त्या गर्दीत आमचं बोलणं झालं नव्हतं.

इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "ताई, ती तुमची डब्याची नक्षी. ती आबांना काय जमली न्हाय बगा."

मला कळेना. "कुणाला?"

"आबांना. तुमी गेल्यावर त्यांनी खळं पुन्ना सारवलं. मी म्हणलं, आबा, हंगाम सपला, आता कशाला? तर म्हणले, डबा सोडायचाय. पयल्या खेपंला मीच स्टूल धरलं की. रोज दुपारी सोडायचे, मी जाता-येता बगायचो. नक्षी यायची, चांगली यायची. पर बगून म्हणायचे, ही न्हाय. की पुसायचे, की पुन्ना सारवायचे."

"किती दिवस?"

"पाऊस लागंस्तवर."

"कशासाठी पण?"

"मी बी इचारलं. म्हणले, तिची वाऱ्यानं गेली. उद्या पोरगी आली तर तिला हितं काय दावू?" रफीकभाईंनी कप खाली ठेवला. "मग तुमाला फोन लावायचे, कुठनं सोडायचा ते इचारायला. एक रिंग झाली की कापायचे. म्हणायचे, कामात आसंल."

मला ते मिसकॉल आठवले. दुपारचे यायचे. सुरुवातीला मी उलटा फोन करायचे, तर आबा म्हणायचे, "न्हाय, चुकून लागला." म्हाताऱ्या माणसाचं बोट, लागत असेल चुकून. पुढे पुढे मी उलटा फोन करायचं सोडून दिलं. कळसहून बारामती तासाभराचा रस्ता. त्याच्या एका टोकाला ते भर उन्हात राख चाळत होते आणि दुसऱ्या टोकाला मी पडद्यापुढे बसले होते, आणि दोघांना हवी होती ती नक्षी एकच होती.

परत येताना एसटीत मी विचार करत होते, त्यांनी विचारलंच असतं तर काय सांगितलं असतं. माझ्या स्वभावाप्रमाणे खरं तेच सांगितलं असतं. आबा, कुठूनही सोडा, ती नक्षी पुन्हा येत नसते. शास्त्र असं आहे. मग त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला असता आणि दोर सोडून घेतला असता. आज दिवसभर मात्र मला वाटतंय की मी तसं म्हणाले नसते. मी म्हणाले असते, आबा, हे फोनवर सांगता येत नाही, थांबा, मी येते.